लिओकादियाबाईंच्या खोलीतला रस्ता

लिओकादियाबाईंच्या खोलीतून रस्ता जात होता. खराखुरा रस्ता, बूट आपटत जाणाऱ्या, बादल्या नेणाऱ्या, शिंकणाऱ्या माणसांचा. वॉर्साच्या प्रागा भागातलं ते घर लढाईतून कसंबसं वाचलेलं. तिसऱ्या मजल्यावर पूर्वी एक वकील बायको आणि मोलकरणीसह ऐसपैस राहायचा, तिथं आता चार बिऱ्हाडं कोंबलेली. स्वयंपाकघर एक, न्हाणीघर एक. नदीपलीकडचं अर्धं शहर विटांचे ढीग होऊन पडलं होतं, तेव्हा डोक्यावर छप्पर आहे हेच नशीब, असं सगळे म्हणत. लिओकादियाबाईही म्हणायच्या, पण दातओठ खाऊन.

त्यांना आणि त्यांच्या नवऱ्याला, ट्राम चालवणाऱ्या अल्फोन्सरावांना, मिळालं होतं वकिलाचं जेवणघर. त्याला दारं दोन. एक घरातल्या बोळात उघडायचं, दुसरं पलीकडच्या बाल्कनीच्या खोलीत. आणि त्या बाल्कनीच्या खोलीला दुसरं दारच नव्हतं! म्हणजे तिथं जो कोणी राहील त्याला चूल पेटवायची असो, तोंड धुवायचं असो की बाहेर जायचं असो, लिओकादियाबाईंच्या पलंगाला वळसा घालूनच जावं लागणार. तुम्ही नुसते पाय सोडून बसलात तरी जाणारा म्हणणार, "माफ करा हं," आणि तुम्ही पाय वर घेणार.

लढाईनंतर सहा वर्षं त्या खोलीत वकिलाची विधवा हर्मिनाबाई राहत होत्या. भरतकामाच्या रुमालाखाली रात्रीचं लघवीचं भांडं झाकून म्हातारी मुकाट्यानं ये-जा करायची. लिओकादियाबाईंनी तिला सहन केलं, कारण ती एकदा म्हणाली होती, "मी गेले की ही खोली तुमचीच हो." त्या एका वाक्यावर बाई जगत होत्या. शिवणकामगारांच्या संस्थेत दिवसभर शर्टांच्या कॉलरी शिवून आल्या की मनातल्या मनात तिथं पडदे लावायच्या. खिडकीखाली मशीन, बाल्कनीत एक खुर्ची, कुंडीत नारिंगी फुलं. रविवारी टोपी घालून कॉफीचा पेला हातात धरायचा आणि खालून खाटकाच्या बायकोनं मान वर करून बघायचं. एवढंच तर मागणं होतं, फार का होतं?

शरदात हर्मिनाबाई कायमच्या तोरुनला भाचीकडे गेल्या. त्याच आठवड्यात खोल्या वाटणाऱ्या कचेरीचा हुकूम आला, की बाल्कनीची खोली गवंडी सेवेरिन आणि त्याची नवी बायको रोझालिया यांना.

"गवंडी!" लिओकादियाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, ऐकलंत का? आपण सहा वर्षं रस्त्यावर झोपतोय आणि हे कालचे आलेले थेट बाल्कनीत!"

"तो दिवसाला तीन माणसांच्या विटा रचतो म्हणे," अल्फोन्सराव मोजे काढत म्हणाले. "कोपऱ्यावर त्याचा फोटो लावलाय."

"तुमचाही लावला असता, ट्राम जरा जोरात हाकली असती तर!"

"जोरात हाकली असती तर फोटो वर्तमानपत्रात आला असता, काळ्या चौकटीत," असं म्हणून अल्फोन्सराव स्वतःच्याच विनोदावर खो खो हसले. त्यांचं हसणं मोठं होतं, भांडी वाजावीत तसं. बाईंनाही हसू फुटलं. दोघांचं हे रोजचंच होतं. कामावरून आल्यावर ट्राममधला एखादा किस्सा निघायचा आणि भिंती हादरायच्या. पण त्या संध्याकाळी बाई हसल्या आणि लगेच स्वतःवरच चिडल्या.

रोझालिया आली ती भल्यामोठ्या पिसांच्या रजईसकट. वोविच गावाकडची पोरगी, गाल लाल, घागऱ्यावर उभे रंगीत पट्टे. रजई इतकी फुगलेली की दारातच अडकली. आतून सेवेरिन ओढतोय, बाहेरून ही ढकलतेय, आणि मधे पलंगावर लिओकादियाबाई बसून बघताहेत. अख्ख्या गावच्या हंसांची पिसं असतील तिच्यात. बाईंच्या स्वतःच्या रजईत लढाईपासून निम्मी पिसं आणि निम्म्या चिंध्या होत्या.

"माफ करा हं, बाई," रोझालिया हसून म्हणाली.

"माफ काय करायचं, रस्ताच आहे," बाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

झालं, त्या दिवसापासून बाईंच्या डोळ्यांत ती पोर सलायला लागली. तिचे बूट नवे, केस दाट, ती गाणं गुणगुणत चालते! दुसऱ्याच्या घरातून जाताना कोणी गुणगुणतं का? बाईंनी उपाय सुरू केले. शिवणयंत्र हळूहळू वाटेवर सरकलं. दोरी आडवी आली आणि तिच्यावर अल्फोन्सरावांच्या लांब गरम विजारी लोंबायला लागल्या. सेवेरिन कामावरून अंधारात आला की एखादी ओली विजार त्याच्या तोंडाला मिठी मारायची. तो बिचारा अबोल माणूस, काही बोलायचा नाही. एकदा मात्र त्यानं मशीनला गुडघा ठोकला आणि लंगडत कामावर गेला, आणि त्या दिवशी विटा कमी भरल्या.

विटा कमी भरल्या म्हटल्यावर प्रकरण वाढलं. चौथ्या बिऱ्हाडातले गेरवाझीसाहेब घरसमितीचे अध्यक्ष होते. दूध आणायला निघाले तरी सभेला निघाल्यासारखे निघायचे. त्यांनी स्वयंपाकघरात सभा भरवली. चुलीवर कोबी शिजतोय आणि साहेब पातेल्याचं झाकण हातात धरून बोलताहेत:

"सोबत्यांनो, वाहतुकीचा प्रश्न हा काही एका खोलीचा प्रश्न नाही!"

"मग कुणाचा आहे?" लिओकादियाबाई फिस्कारल्या. "तुमच्या पलंगावरून कोण जातंय?"

मोलकरणीच्या अडगळीतल्या खोलीत राहणारे अन्झेल्म मास्तर, लिवूफ शहरातून हाकलले गेलेले, लॅटिन शिकवणारे, दाराला टेकून उभे होते. ते म्हणाले, "रोमन लोकांत वहिवाटीचा हक्क होता. पण गाढवासकट जायचं की गाढवाशिवाय, ते आधी ठरवत."

"मास्तर, गाढव विषयपत्रिकेवर नाही," गेरवाझीसाहेब म्हणाले.

आणि ठराव झाला. दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः ब्रश आणि पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन आले आणि लिओकादियाबाईंच्या खोलीत, एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत, फरशीवर हातभर रुंद पट्टा ओढून मोकळे झाले. पट्टा म्हणजे सार्वजनिक रस्ता. त्यावर मशीन नाही, विजार नाही, पाय नाही. पट्ट्याच्या डावीकडे पलंग, उजवीकडे कपाट आणि टेबल. बाईंना आपल्याच कपाटातून परकर काढायला रस्ता ओलांडावा लागायला लागला.

अल्फोन्सरावांना हे फारच आवडलं. ते पट्ट्याच्या काठावर थांबून दोन्हीकडं बघायचे, घंटी वाजवल्याचा आवाज काढायचे आणि मगच पलीकडे जायचे. पलीकडून दाराच्या फटीतून रोझालियाचं हसणं ऐकू आलं की बाईंचा नुसता तिळपापड व्हायचा. आपल्या नवऱ्याच्या विनोदावर तिनं का हसावं?

नाताळ आला. न्हाणीघराच्या टबात चार बिऱ्हाडांचे चार कार्प मासे पोहायला लागले आणि आंघोळी बंद झाल्या. कोणाचा कोणता ते कळावं म्हणून प्रत्येकाच्या परावर दोरा, बाईंचा निळा, रोझालियाचा लाल. लाल दोऱ्याचा मासा सगळ्यांत थोराड! सेवेरिनला कामावर बक्षीस मिळालेला. बाई दात घासायला गेल्या की त्या माशाकडे बघत उभ्या राहायच्या. एका दुपारी तर बाही वर करून, दोऱ्यांची अदलाबदल करायला त्यांनी टबात हात घातलासुद्धा. माशानं शेपटी अशी मारली की बाई नखशिखांत भिजल्या. बाहेर आल्या तर गेरवाझीसाहेब टॉवेल घेऊन उभे.

"आंघोळ? या दिवसांत?" ते संशयानं म्हणाले.

"डोकं गरम झालं होतं," बाई म्हणाल्या, आणि ते काही खोटं नव्हतं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी पहिली चांदणी दिसल्यावर उपास सोडायचा. टेबलावर पांढरी चादर, चादरीखाली मूठभर वाळलेलं गवत, आणि घरातल्या माणसांपेक्षा एक ताट जास्त. ते ताट अवचित येणाऱ्यासाठी. त्या रात्री दारात कोणीही उभं राहिलं, ओळखीचं असो नसो, वैरी असो, त्याला आत घेऊन बसवायचंच. लिओकादियाबाईंनी आयुष्यात हे कधी चुकवलं नव्हतं. लढाईत तळघरात बसून एक बटाटा तिघांत वाटला, तेव्हाही चौथी थाळी मांडली होती.

दोघं बसली. ख्रिस्ताचं चित्र उमटवलेली पातळ पांढरी पापडी मोडून त्यांनी एकमेकांना दिली, सुखी राहा म्हणाली. बीटचं सार वाढलं. आणि बोळातलं दार उघडून रोझालिया आत आली, हातात छोटं पातेलं. एकटीच होती. सेवेरिन त्या संध्याकाळीही बांधकामावर, वर्ष संपायच्या आत भिंत उभी करायची म्हणून. पट्ट्यावरून, नाकासमोर बघत, ती तिच्या खोलीत गेली.

अल्फोन्सरावांनी चमचा खाली ठेवला. "अगं, बोलाव की तिला."

"ती पट्ट्यावर आहे," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे रस्त्यावर आहे. सार्वजनिक! ठराव झालाय ना? आता रस्त्यावरून जाणारी सगळी माणसं काय पाहुणी म्हणून जेवायला बसवू? माझ्या घरात ती आलेलीच नाही."

थोड्या वेळानं ती पुन्हा आली, मीठ आणायला. पुन्हा गेली. मग तिसऱ्यांदा आली, आणि या वेळी पातेलं तसंच भरलेलं परत चालवलं होतं. तिनं बाईंकडे नाही, रिकाम्या ताटाकडे पाहिलं. बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आईबापांपासून दूर पोरीचा तो पहिला नाताळ होता, हे बाईंना कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण ताट त्यांचं होतं आणि बाल्कनी तिची होती. अल्फोन्सराव त्या रात्री हसले नाहीत आणि कार्पलाही चिखलाची चव लागली.

थंडी कडाक्याची पडली. दोन्ही खोल्यांच्या मधल्या भिंतीत एकच फरशांची शेगडी होती, आणि तिचं तोंड लिओकादियाबाईंच्या बाजूला. कोळसा दोघींचा, पण टाकायच्या बाई. टाकायच्या कसल्या, चिमटीनं वेचून ठेवायच्या. मग फेब्रुवारीत एका सकाळी रोझालिया पट्ट्यावर येऊन उभी राहिली आणि पुढे जाईना.

"बाई, मला दिवस गेलेत. आमची खोली बर्फ झालीय. तुम्ही आमची खोली घ्या, आम्हाला ही द्या."

लिओकादियाबाईंच्या हातातली कात्री खाली पडली. "बाल्कनी... बाल्कनीसकट?"

"बाल्कनी काय पाळण्यात घालू?"

बाई रात्रभर तळमळल्या. मिळाली! सहा वर्षांनी मिळाली! पण इतक्या सहज का देतेय? नक्की हिला आपल्या खोलीत काहीतरी दिसलंय, जे आपल्याला इतकी वर्षं दिसलं नाही. पहाटे उठून त्यांनी पलंगाखाली बघितलं, शेगडीमागे हात घालून बघितलं. काही नव्हतं. गेरवाझीसाहेबांनी जागेच्या सुयोग्य वापरावर भाषण करून परवानगी दिली, आणि वसंताच्या तोंडावर दोन बिऱ्हाडांनी पलंग उचलून अदलाबदल केली. अल्फोन्सराव शेवटच्या वेळी पट्ट्यावर उभे राहून घंटी वाजवून गेले.

मे महिन्यात बाईंनी बाल्कनीत खुर्ची टाकली. नारिंगी फुलं लावली, टोपी घातली, कॉफीचा पेला घेतला. खाटकाची बायको खालून गेली. तिनं वर बघितलंच नाही. ती समोर बघत होती. समोरच्या मोकळ्या जागेवर नवी इमारत चढत होती, आणि परांचीवर उभा राहून सेवेरिन वीट रचत होता, तीन माणसांच्या वेगानं. जूनमध्ये पहिला मजला आला, ऑगस्टमध्ये तिसरा. मग बाल्कनीतला सूर्य गेला. फुलं पिवळी पडली.

"बाल्कनी दिली आणि ऊन काढून घेतलं, चोरानं!" बाई ओरडल्या. समोरच्या परांचीवरून सेवेरिननं टोपी काढून आदबीनं नमस्कार केला.

आणि मग रोझालियाला मुलगा झाला.

लिओकादियाबाईंना मूल नव्हतं. लढाईच्या आधी एक झालं होतं, मुलगी, ती पाच दिवसांपुढे जगली नाही. याबद्दल बाई कोणाशी बोलत नसत. आता भिंतीपलीकडे ते पोर रडायचं, आणि सगळं घर तिथं लोटायचं. अन्झेल्म मास्तर त्याच्याशी लॅटिनमध्ये बोलायचे. गेरवाझीसाहेब त्याला पाळण्यासमोर उभं राहून कसल्याशा योजनेचे आकडे सांगायचे, आणि ते झोपायचं. अल्फोन्सराव कामावरून आले की बोळातलं दार वाजायचं, बाई चहा ओतायच्या, आणि नवरा यायचाच नाही. पट्ट्यावर थांबून तो ट्रामची घंटी वाजवत असायचा आणि पोर खिदळत असायचं. ते हसणं! ते भांडी वाजल्यासारखं हसणं आता भिंतीच्या चुकीच्या बाजूनं ऐकू यायचं. चहावर साय धरायची. बाईंना फार हेवा वाटायचा. दार बंद, खोली स्वतःची, कोणी आडवं जात नाही, "माफ करा हं" म्हणत नाही. हेच मागितलं होतं ना? दिवसदिवस त्यांच्या खोलीत कोणाचंच पाऊल पडायचं नाही.

मग बाईच कारणं काढायला लागल्या. दिवसातून दहा वेळा स्वयंपाकघरात जायच्या. काडेपेटी विसरली. झाकण विसरलं. पट्ट्यावरून ताठ मानेनं जायच्या, डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाळण्यात बघत. रोझालिया म्हणायची, "बसा की." बाई म्हणायच्या, "छे, मी जातेय नुसती."

पुन्हा नाताळ आला. पुन्हा टबात चार मासे. त्या संध्याकाळी अल्फोन्सरावांची पाळी उशिरापर्यंत होती. ट्रामला नाताळ नसतो. बाईंनी एकटीनं चादर घातली, गवत ठेवलं, तीन ताटं मांडली, दोन माणसांसाठी आणि एक अवचित येणाऱ्यासाठी. समोरच्या इमारतीमुळे चांदणीसुद्धा दिसली नाही. अंदाजानंच दिवा लावला. आपल्या ताटाकडे बघितलं, मग तिसऱ्याकडे. इथं कोण येणार होतं? इथून पुढे रस्ताच नव्हता.

पातेलं उचलून त्या सार गरम करायला निघाल्या. दार उघडलं. रोझालिया, सेवेरिन, मांडीवर पोर, अन्झेल्म मास्तरही बसलेले. खोलीत दिव्याचा उजेड, सुक्या मशरूमचा वास. बाई नाकासमोर बघत गेल्या. कोणी काही बोललं नाही.

परत आल्या. रोझालिया भिंतीकडे बघत होती.

बाईंच्या लक्षात आलं. सगळं लक्षात आलं. खोलीत जाऊन त्या पलंगाच्या कडेला बसल्या. मीठ नव्हतं. मीठ खरंच नव्हतं. जावं की न जावं करत शेवटी उठल्या, तिसऱ्यांदा दार उघडलं, आणि जागच्या जागी थांबल्या. कारण जायला वाट नव्हती. टेबल ओढून पट्ट्यावर आडवं घातलं होतं, आणि रिकामं ताट नेमकं पांढऱ्या रंगाच्या वर, त्यांच्यासमोर.

"अध्यक्ष बघतील," बाई कशाबशा म्हणाल्या. "रस्त्यावर काही ठेवायचं नाही."

"बघू देत," रोझालिया म्हणाली. "दोन फेऱ्या मुद्दाम मारू दिल्या तुम्हाला. मागच्या वर्षी मी तीन मारल्या होत्या. दार पातळ आहे, बाई, सगळं ऐकू येतं. तुम्ही दोघं हसायचात ना, तेव्हा मी आत एकटी रजईत तोंड खुपसून जळायचे. म्हटलं, बाल्कनी गेली उडत, मला ती खोली पाहिजे जिथं लोक हसतात."

सेवेरिननं मुकाट्यानं खुर्ची सरकवली.

"मी नुसती जातेय," बाई पुटपुटल्या.

"माहीत आहे. तुम्ही रस्त्यावरच आहात," रोझालिया पापडीचा तुकडा पुढे करत म्हणाली. "म्हणून तर ताट रस्त्यावर मांडलंय."

लिओकादियाबाई बसल्या. पापडीचा तुकडा मोडून त्यांनी अर्धा रोझालियाला दिला. पोरानं त्यांच्या बाहीला धरलं, ते त्यांनी सोडवून घेतलं नाही. रोझालियानं सार वाढलं. बाईंनी एक चमचा घेतला, दुसरा घेतला, आणि डोळे पुसले. सार त्यांच्या सारापेक्षा चांगलं झालं होतं. मेलीचं, कितीतरी चांगलं झालं होतं.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या, आणि वाटी पुन्हा पुढे केली.